पुकाराचा नववा भाग

"तुम्ही म्हणता की गणपतरावांनी बांध कोरला. कोरताना तुम्ही स्वतः पाहिलं का?"

पिंजऱ्यात उभे असलेले सूर्यकांत माळवदे गोंधळले. दावा त्यांच्या जागेतून जाणाऱ्या एका वाटेचा होता. त्यात बांध कुठेच नव्हता आणि गणपतराव तर नव्हतेच नव्हते.

"कोण गणपतराव?" त्यांनी विचारलं.

प्रश्न विचारणारे रंगराव खिलारे म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. या दाव्यातले प्रतिवादी. त्यांना वकील नव्हता, स्वतःची बाजू ते स्वतःच चालवत होते. त्यांनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला, ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. फुडचा प्रश्न घेतो."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशसाहेबांनीही चष्मा पुसायचं निमित्त काढलं. माझ्या शेजारी बसलेले माझे सीनियर बापूसाहेब जामदार तर पोट धरून हसायचेच बाकी होते. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण गणपतराव माझे होते. एका रविवारी कांदे चिरता चिरता मी त्यांना जन्माला घातलं होतं, उलटतपास कसा घ्यावा याचं उदाहरण म्हणून. बांधही मीच कोरला होता.

त्या काळी मी 'पुकारा' नावाचा ब्लॉग लिहायची. कोर्टात पट्टेवाला दारात उभा राहून पक्षकारांची नावं ओरडतो, त्याला पुकारा म्हणतात. नाव ऐकून माणसं कशी गांगरतात, काय बोलावं ते त्यांना कसं सुचत नाही, हे रोज बघून बघून मला वाटलं की कुणीतरी यांना साध्या मराठीत चार गोष्टी सांगायला हव्यात. आता आमच्या बारमधल्या, म्हणजे वकील संघातल्या, जवळजवळ प्रत्येक पोराचा ब्लॉग आहे. वर काळ्या कोटातला हाताची घडी घातलेला फोटो असतो आणि खाली लेख कमी, स्वतःचं कौतुक जास्त. तेव्हा तसं नव्हतं. वकिलानं स्वतःची जाहिरात करायची नाही हा नियम सगळे जपमाळेसारखा म्हणायचे आणि ब्लॉग म्हणजे जाहिरातच, असं जुन्या मंडळींचं ठाम मत होतं. म्हणून मी नाव घालत नसे. 'स्वतःचा दावा स्वतः चालवताना' अशी मालिका सुरू केली होती आणि तिचे आठ भाग झाले होते. वाचणारे मला पुरुषच समजायचे. प्रतिक्रियांत 'सर' म्हणायचे आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नव्हते.

खिलारेंना वकील का नव्हता, तेही सांगते. माळवद्यांनी वाटेवर तारेचं कुंपण घातलं आणि वर, खिलारेंनी आपल्या जागेत पाऊल टाकू नये असा मनाई हुकूम मागायला कोर्टात आले. हे माळवदे बापूसाहेबांचे सख्खे मेहुणे, बायकोचे भाऊ. बापूसाहेब आमच्या तालुका बारचे अध्यक्ष. मग त्यांच्या मेहुण्याविरुद्ध वकीलपत्र घेणार कोण? पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील? खिलारे बाररूममधल्या प्रत्येक टेबलापाशी जाऊन आले. कुणाला वेळ नव्हता, कुणाच्या घरी लग्न होतं. मोफत मदतीतून एक वकील नेमून मिळाला, पण त्याला नेमका तारखेच्या दिवशी ताप यायचा. शेवटी खिलारे सायबर कॅफेत जाऊन बसले आणि त्यांना माझा ब्लॉग सापडला. मी ज्याच्या विरुद्ध टेबलावर बसत होते, त्याला शिकवतही मीच होते. हे त्या गणपतरावांपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

कसाबसा उलटतपास संपला. खिलारे पिंजऱ्याकडे पाठ करून साहेबांसमोर उभे राहिले.

"सायेब, आता माझं ऐका. माझी मंडळी एका अंगानं लुळी पडलीया. पूर्वी रिक्षा दारात यायची. ह्येंनी तार ठोकल्यापास्नं तिला खुर्चीत घालून वढ्यातनं न्यावं लागतं, दवाखान्याला. दोघांनी धरायचं. परवा माझा पाय घसरला, ती पाण्यात पडली. सायेब, जन्मभर त्याच वाटेनं गेलोय आमी."

साहेब ऐकत होते. मी मात्र स्टेनोकडे बघत होते. तिची बोटं टाइपरायटरवरून उचललेली होती.

"प्रतिवादीचा पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"सगळं सांगितलंच की, सायेब."

"येत्या गुरुवारी पुरावा द्या. द्यायचा नसेल तर पुरावा बंद केल्याची पुरसीस द्या." एवढं सांगून साहेबांनी पुढचा दावा घेतला. पुरसीस म्हणजे दोन ओळींचा अर्ज. खिलारेंनी तो शब्द तळहातावर लिहून घेतला.

ऑफिसात आल्यावर बापूसाहेबांनी कोट खुंटीला टांगला आणि खुशीत येऊन चहा मागवला. ते वाईट माणूस नव्हते. मला कुणी सीनियर उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी मला टेबल दिलं होतं. मुलींनी फक्त घटस्फोटाची कामं करावीत असं म्हणणाऱ्यांना बाररूममध्ये चारचौघांत झापलं होतं. मला ते 'वैजू' म्हणत आणि त्या हाकेत माया असे.

"वैजू, दावा खिशात घातला आपण," ते म्हणाले. "गडी पिंजऱ्यात चढतच नाही बघ. त्याला वाटतंय, टेबलापाशी उभं राहून बोललो म्हणजे साक्ष झाली. शपथेवर बोललाच नाही तर कोर्ट काय वाचणार? गुरुवारी येईल, पुरसीस देईल आणि स्वतःच्या हातानं कुलूप लावून जाईल."

"त्याला कुणी सांगितलं तर?"

"कोण सांगणार? आपण गप्प बसायचं, बस्स."

मी चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला. माझ्या मालिकेच्या आठव्या भागाच्या शेवटी मीच लिहिलं होतं: 'येत्या रविवारी भाग नववा: स्वतःची साक्ष'. तो भाग लिहून तयार होता. त्यातलं पहिलंच वाक्य होतं की टेबलापाशी उभं राहून बोललेलं कोर्ट ऐकतं पण धरत नाही, पिंजऱ्यात शपथ घेऊन बोललेलं धरतं.

घरी येऊन कम्प्युटर उघडला तर आठव्या भागाखाली नवी प्रतिक्रिया होती. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी. 'सर, तुमच्यामुळे आज कोर्टात उभा राहिलो. थोडं चुकलं. गुरुवारी माझी पाळी आहे. पुढचा भाग रविवारी नक्की टाका. वाट बघतो. रंगराव खिलारे.'

ती रात्र आणि नंतरचा दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. जेवायला बसले की उठावंसं वाटे, उठले की बसावंसं वाटे. आई म्हणाली, "अंगात मुंग्या शिरल्यात का तुझ्या?" मी गच्चीवर जाऊन येरझारा घालायची, खाली येऊन ती प्रतिक्रिया पुन्हा वाचायची. भाग टाकला तर स्वतःच्याच पक्षकाराच्या पाठीत सुरा खुपसल्यासारखं होतं. न टाकावा तर एक माणूस माझ्या शब्दावर विसंबून ओढ्यातून बायकोला न्यायच्या शिक्षेवर स्वतःच सही करणार होता. वकिली सोडून किराणा दुकान टाकावं असंही एकदा मनात येऊन गेलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ते वकिलांनाही लागू आहे, हे तेव्हा कळलं.

शनिवारी सकाळी मी बापूसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. 'पुकारा' मी लिहिते, गणपतराव माझे, आणि उद्याचा भाग साक्षीवर आहे.

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बस."

"उभीच बरी आहे."

"बस म्हणतो ना! हे बघ, ब्लॉग लिहिलास, नियम मोडलास, ते मी पोटात घालीन. पण माळवद्यांच्या वकीलपत्रावर माझ्या सहीखाली तुझी सही आहे. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही, वैजू."

"म्हणून ही पुरसीस आणलीय. मी या दाव्यातून बाहेर पडते." मी कागद टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचलाही नाही. "बाहेर पडशील. पण परवा या खोलीत मी जे बोललो ते तू ऐकलंस. ते कसं परत देणार?"

प्रश्न खरा होता. "ते मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "उद्याचा भाग तुम्ही बोलायच्या आधी लिहून झाला होता. जाहीरही झाला होता. त्यात एक शब्दसुद्धा बदलणार नाही."

"मग एवढा एक रविवार थांब. शुक्रवारी टाक. कुणाचं काय बिघडतं?"

"खिलारेंचं बिघडतं."

"ते आपले पक्षकार नाहीत."

"वाचक आहेत ना, बापूसाहेब. मी आज थांबले तर ती तुमच्या दाव्यासाठी थांबले असं होईल. मग 'पुकारा' तुमच्या ऑफिसचा झाला. उद्या लोकांनी त्यावर विश्वास कशाला ठेवायचा?"

"आणि उद्या पक्षकारांनी तुझ्यावर कशाला ठेवायचा?" ते खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "निनावी लिहायचं आणि वर सत्याच्या गोष्टी सांगायच्या! हिंमत असेल तर नाव घालून टाक."

हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. रविवारी सकाळी मी नववा भाग टाकला आणि खाली पहिल्यांदाच नाव लिहिलं: अ‍ॅड. वैजयंता सावर्डेकर. नाव घातल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट दुपारपर्यंत एक निराळीच भीती वाटायला लागली. खिलारेंना माझं नाव माहीत होतं. प्रत्येक तारखेला ते कोर्टात ऐकत होते, समोरच्या बाजूचं म्हणून. आता ते काय समजतील? समोरची वकिलीण आपल्याला पिंजऱ्यात बोलावतेय, म्हणजे आत काहीतरी डाव आहे! मी प्रामाणिकपणा दाखवायला गेले आणि त्या माणसाचा होता तेवढा भरवसाही घालवून बसले. नवव्या भागाखाली त्यांची प्रतिक्रिया आली नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही, नंतरही नाही.

सोमवारी माझी पुरसीस दाखल झाली. मंगळवारपर्यंत साऱ्या बारला बातमी कळली होती. मी बाररूममध्ये शिरले की गप्पा थांबायच्या. एकानं तर मोठ्यानं विचारलं, "काय सर, दहावा भाग कधी?" सगळे हसले.

गुरुवारी माझं त्या कोर्टात काहीच काम नव्हतं, तरी पाय तिकडेच वळले. व्हरांड्यात खिलारे उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, हातात दोन कागद. मला बघून ते पुढे आले.

"बाई, ते सर तुमीच का?"

"हो."

"आन् तुमी त्यांच्या बाजूच्या."

"होते. सोमवारी सुटले."

त्यांनी दोन्ही कागद माझ्यासमोर धरले. "ही पुरसीस, पुरावा बंद केल्याची. आन् ही साक्षीची, तुमच्या नवव्या भागावरनं उतरवलेली. पोरगी म्हणती, आप्पा, ह्यो सापळा हाय, वर चढलास की जामदार वकील तुला सोलून काढतील. बाई, मला खरं सांगा. कंचा कागद देऊ?"

एक शब्द पुरला असता. ओठांवर आलाही होता. पण आठच दिवसांपूर्वी मी या माणसाच्या विरुद्ध टेबलावर बसले होते. दाव्यातून बाहेर पडले म्हणून त्या खोलीत ऐकलेलं विसरल्यासारखं वागायचा हक्क मला नव्हता.

"काका, तुमच्या दाव्याबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही," मी म्हटलं. स्वतःचाच राग येत होता मला. "लिहिलंय तेवढंच. त्याच्यापुढं एक अक्षर नाही."

खिलारे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जन्मभर बिनतिकिटाचे प्रवासी हुडकलेला माणूस तो, सहजासहजी नजर काढेना. मग हळूच म्हणाले, "सापळा लावनारा आसता तर गोड बोलला आसता."

तेवढ्यात पट्टेवाल्यानं पुकारा केला आणि ते आत गेले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. एक कागद त्यांनी साहेबांपुढे ठेवला, दुसरा घडी करून खिशात घातला. कुठला ठेवला ते मला दिसत नव्हतं.

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "या, पिंजऱ्यात या."

खिलारे पिंजऱ्यात चढले. शपथ घेतली. स्टेनोनं नवा कागद चढवला. साक्षीत कुंपण आलं, ओढा आला, खुर्चीतून पडलेली बायको आली आणि या वेळी त्यातलं अक्षरन् अक्षर टाइप झालं.

"उलटतपास पुढच्या तारखेला ठेवायचा का, बापूसाहेब?"

"नको. आत्ताच घेतो." बापूसाहेबांनी मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. ते रागात होते. रागात उलटतपास घेऊ नये हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

त्यांनी खिलारेंना खरोखरच सोललं. वाटेचा नकाशा आहे का? नाही. सातबाऱ्यावर नोंद आहे का? नाही. माळवद्यांच्या वडिलांनी कधी लिहून दिलं होतं? नाही. खिलारे प्रत्येक 'नाही'बरोबर खाली खाली जात होते. इथेच थांबले असते तर बापूसाहेब दावा जिंकून घरी गेले असते. पण त्यांना तो माणूस चारचौघांत आडवा झालेला बघायचा होता, आणि बहुधा मलाही दाखवायचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"या वाटेनं तुमच्या आळीत गेलेला-आलेला गावातला एक तरी प्रतिष्ठित माणूस सांगा. एक!"

खिलारेंनी कपाळ पुसलं. मग अवघडून म्हणाले, "तुमी, बापूसायेब."

"काय?"

"तुमच्या लग्नात. आमच्या आळीतल्या मारुतीला नवरदेवानं नारळ फोडायचा, मग मांडवात यायचं, अशी रीत हाय न्हवं? तुमी घोड्यावर होता. आख्खी वरात त्याच वाटेनं मारुतीला आली आन् त्याच वाटेनं माळवद्यांच्या दारात गेली. घोडं बुजलं तवा लगाम मीच धरला हुता."

कोर्टात कुणी हसलं नाही. साहेबांनी स्टेनोला लिहून घ्यायची खूण केली आणि मग बापूसाहेबांकडे बघून शांतपणे विचारलं, "हे साक्षीदार खोटं सांगत आहेत, असं तुम्हाला सुचवायचं आहे का?"

तेवढंच करायचं होतं. कुणीही वकील करतो तेच. 'हे म्हणणं खोटं आहे' असं म्हणायचं आणि खाली बसायचं. सूर्यकांत माळवदे खुर्चीच्या टोकाला आले होते. बापूसाहेब दोन्ही हात टेबलावर टेकवून उभे होते. मी बाकाची कड घट्ट धरली होती. ते आता काय म्हणतील याच्यावर खिलारेंच्या बायकोचा रस्ता अवलंबून होता आणि इतक्या वर्षांची त्यांच्याबद्दलची माझी मायाही.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "पुढे प्रश्न नाहीत."

बाहेर आल्यावर मी जिन्यापाशी थांबले. माळवदे तावातावानं काहीतरी बोलत त्यांच्या मागे येत होते. त्यांना हातानं थांबवून बापूसाहेब एकटेच माझ्याजवळ आले. दोन मिनिटांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"दहावा भाग कशावर आहे?"

"तडजोडीवर. रविवारी टाकणार होते."

"आजच टाक. सूर्यकांतला मी वाचून दाखवतो. आठवड्यात ती तार निघाली पाहिजे." ते जिना उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून थांबले, पण मागे वळून बघितलं नाही. "आणि वैजू, उद्यापासून टेबल दुसरीकडे बघ."

मी हो म्हटलं. बापूसाहेब दोन्ही गोष्टी मनापासून बोलले होते आणि दोन्ही त्यांनी पाळल्या.